पाणी येण्याच्या वेळेचा व्यायाम

सकाळच्या लोकलमधल्या आमच्या ग्रुपमध्ये व्यायामाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : रोज एवढा उत्साह आणायचा कुठून? हा प्रश्न विचारणाऱ्या बायका पहाटे उठून घरातल्या सगळ्यांचे डबे भरणाऱ्या आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आहेत. त्यांना आळशी म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. तरीही घरात चटई अंथरून थोडा वेळ स्वतःच्या शरीरासाठी काढायचा म्हटले की आठ-दहा दिवसांत गाडी अडते. गेली काही वर्षे मी घरीच व्यायाम करते आहे आणि या प्रश्नाचे माझे उत्तर आता पक्के झाले आहे. उत्साहावर भिस्त ठेवू नये. तो सणासारखा येतो आणि जातो. घरात रोज नेमाने घडणारी एखादी घटना शोधावी आणि व्यायाम तिला बांधून टाकावा, म्हणजे ती घटना घडली की मनाला न विचारता व्यायामही घडतो.

यासाठी घर आणि व्यायामशाळा यांतला फरक आधी नीट पाहिला पाहिजे. दादरला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून उभे आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या ऑफिसात अनेकांना मनापासून आनंद झाला, कारण त्यांच्यापैकी कोणाचे तरी मूल तिथे कधी ना कधी गेलेले होते. अशा ठिकाणी ठरलेली वेळ होते, मुले रांगेत उभी राहतात, शिकवणारा समोर असतो, शेजारचा मुलगा खांबावर चढलेला दिसतो आणि आपली पाळी आली की चढावेच लागते. वेळ, जागा आणि सोबत या तिन्ही गोष्टी तालमीत आयत्या मिळतात, आणि त्या मिळाल्या की मनाची तयारी असो वा नसो, अंग कामाला लागते. घरात यांतले काहीच आयते नसते. म्हणून घरी व्यायाम टिकत नाही याचा दोष आपण आपल्या इच्छाशक्तीला देतो तेव्हा निदान चुकते, असे मला ठामपणे वाटते. वेळ, जागा आणि सोबत यांची घरापुरती व्यवस्था झाली नाही तर भल्याभल्यांची इच्छाशक्तीही पंधरवड्यात दमते.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरमध्ये राहते. वन रूम किचन, माणसे चार. ऑफिस फोर्टला. विक्रोळीला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे सीएसएमटीपर्यंत एका बाजूने पाऊण तास, शिवाय दोन्हीकडचे चालणे वेगळे. जिमची फी भरता येईलही, पण तिथे जाऊन परत येण्याचा वेळ दिवसाच्या कोणत्या कप्प्यातून काढायचा, याचे उत्तर मुंबईत फार थोड्या नोकरदार बायकांकडे असते. मैदानात चालायला जावे, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या शहरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या काळात उकाडा असतो. तेव्हा घर हीच व्यायामाची जागा, आणि ओटा व फ्रिज यांच्या मधली सात फूट बाय अडीच फूट लादी हेच आमचे मैदान. एवढी जागा पुरते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये आणि पुढे सर्वदूर सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यामागे हाच व्यवहारी विचार मला दिसतो की आडवे झाल्यावर माणूस जेवढी जागा व्यापतो तेवढी मिळाली तरी सगळ्या अंगाला व्यायाम होऊ शकतो आणि साधन म्हणून काहीही विकत घ्यावे लागत नाही.

जागा अशी मिळाली. वेळेचे मात्र घड्याळावर सोडून भागत नाही. ‘रोज सकाळी सहा वाजता’ असा संकल्प गुढीपाडव्याला किंवा रथसप्तमीला पुष्कळ जण करतात, आणि घरातल्या बाईच्या बाबतीत तो मोडतो याचे कारण असे की सहा वाजता दूधवाला येतो, सासूबाईंची गोळी असते, मुलाचा शर्ट इस्त्रीचा राहिलेला असतो. एकत्र राहणाऱ्या घरात घड्याळातला कोणताही ठोका आपल्या एकटीच्या मालकीचा नसतो. पाणी येण्याची वेळ मात्र घरातले कोणीही पुढे-मागे ढकलू शकत नाही.

आमच्या इमारतीत पाणी पहाटे पाचच्या सुमारास येते आणि तासाभराने जाते. नळ आधी फुसफुसतो, मग तुटक तुटक पाणी टाकतो आणि मग धार लागते. मी नळीचे तोंड निळ्या पिंपात सोडते आणि वळून ओट्याशी उभी राहते. पिंप भरायला साधारण पंधरा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ तिथून हलता येत नाही, कारण पिंप भरून वाहिले तर पाणी थेट बाहेरच्या खोलीत झोपलेल्यांच्या अंथरुणापर्यंत जाते. हा वेळ घरात आधीपासूनच होता, तो फक्त ताटकळण्यात जात असे. आता त्यात आधी मान, खांदे आणि कंबर मोकळी होते. मग ओट्याच्या कडेला हात टेकून जोर, मग खुर्ची मागे ठेवून बैठका, मग टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, आणि पुन्हा जोर. पिंप भरत आले की पाण्याचा आवाज हळूहळू चढत जातो. त्या आवाजावरून शेवटच्या बैठका किती काढायच्या हे न मोजता कळते. मग नळी बादल्यांकडे वळते आणि मी चटईवर येते, प्लँक (कोपरे आणि चवडे टेकून अंग सरळ तोलून धरणे) करते आणि चार-पाच सूर्यनमस्कार घालते, तोवर कळशा भरतात. एक गोष्ट आवर्जून सांगते : पाण्याच्या कामात लादी ओली असते आणि ओल्या लादीवर साधी चटई सरकते. आधी फडक्याने लादी कोरडी करावी आणि खालून रबर असलेली मॅट वापरावी. खालच्या मजल्यावर माणसे झोपलेली असतात, म्हणून पहाटेच्या या व्यायामात उड्या अजिबात नकोत; उड्या न मारताही पुरेसा घाम येतो.

घटनेला कृती बांधण्याची ही रीत मानसशास्त्राने चांगली तपासलेली आहे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात असे मांडले की ‘मी व्यायाम करीन’ असा नुसता निश्चय आणि ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशी नेमकी आखणी यांच्या परिणामांत मोठा फरक असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात विद्यार्थ्यांचे गट केले होते. एका गटाला व्यायामाचे फायदे सांगणारी माहिती दिली, दुसऱ्या गटाला तीच माहिती देऊन शिवाय येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून घ्यायला सांगितले. निदान वीस मिनिटांचा व्यायाम एकदा तरी करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३५ टक्के होते, तर दुसऱ्यात ९१ टक्के. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यात ते ३८ टक्के, म्हणजे नुसत्या प्रेरक माहितीने काहीही फरक पडला नाही. हा एका आठवड्याचा आणि तरुण मुलांचा अभ्यास आहे, त्यावरून जन्मभराचे अनुमान काढू नये हे मला मान्य आहे. पण पहाटे उठून मोबाइलवर प्रेरणा देणारे व्हिडिओ पाहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे आकडे अवश्य सांगते.

सवय किती दिवसांत लागते, याविषयी एकवीस दिवसांची समजूत सगळीकडे पसरली आहे आणि तिने बरेच नुकसान केले आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे निरीक्षण करून २०१० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येकाने ‘नाश्त्यानंतर’ अशासारख्या रोजच्या एखाद्या प्रसंगाला एक नवी कृती जोडून घेतली होती. ती कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले असा आकडा) ६६ निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत होता. पेलाभर पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयी उशिरा लागल्या. तेव्हा बाविसाव्या दिवशीही उठताना जिवावर येत असेल, तर त्यात काही बिघडलेले नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात लक्षणीय अडथळा आला नाही.

याच गोष्टीच्या आधारावर मी आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाचा उपयोग करते. मराठी घरात दुधाचे आणि पेपरचे खाडे कालनिर्णयावर मांडण्याची पद्धत जुनी आहे. दूध रोज येणार हे धरलेलेच असते, न आलेला दिवस तेवढा लिहायचा. मी व्यायामाचेही फक्त खाडेच मांडते. केलेल्या दिवसांवर रोज बरोबरची खूण करत गेले की त्या खुणांची साखळी तयार होते, आणि साखळी तुटली की मन इतके खट्टू होते की माणूस सगळेच सोडून देतो, असे मी आजूबाजूला पुष्कळदा पाहिले आहे. खाड्यांच्या पद्धतीत व्यायाम हा घरातला नियम ठरतो आणि खाडा हा अपवाद. नियम एवढाच की दोन खाडे लागोपाठ पडू द्यायचे नाहीत. महिनाअखेरीस दुधाचा हिशेब करताना हेही चौकोन डोळ्यांखालून जातात आणि कोणत्या वारी खाडा पडतो ते आपोआप दिसते. आमच्याकडे तो सोमवारी पडत असे, कारण रविवारी रात्री झोपायला उशीर होतो. म्हणून सोमवारचा व्यायाम मी मुद्दाम हलका ठेवला.

हलका म्हणजे किती, हे आधीच ठरलेले असावे. माझे किमान दहा बैठका आणि ओट्यावरचे दहा जोर एवढेच आहे. ताप सोडून दुसऱ्या कोणत्याही दिवशी एवढे होतेच, आणि बहुतेक वेळा दहा झाल्यावर पुढचे दहा सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरू नये, ही आधीची अट त्यांनी त्यात काढून टाकली. मुंबईकराच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण स्टेशनच्या पुलाचा जिना झपझप चढणे, सीएसएमटीपासून ऑफिसपर्यंत भरभर चालणे, हे सगळे त्या १५० मिनिटांत धरता येते. बोलता येते पण गाता येत नाही इतपत दम लागला, की ते मध्यम श्रमाचे समजावे. चालण्याची बाजू अशी प्रवासात निभावते. स्नायूंच्या बळाची बाजू प्रवासात होत नाही, म्हणून घरातली ती पंधरा-वीस मिनिटे मी प्रामुख्याने जोर-बैठकांना देते. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते, आणि आपल्याकडच्या बायका वजनाच्या काट्याकडे जेवढे लक्ष देतात त्याच्या निम्मेही या घटीकडे देत नाहीत, याची मला खंत वाटते.

जोर जमिनीवरच मारले पाहिजेत असे नाही. आधी भिंतीला हात टेकून, ते सहज जमू लागले की कमरेएवढ्या ओट्यावर, मग भिंतीला टेकवलेल्या भक्कम स्टुलावर आणि शेवटी लादीवर, अशा पायऱ्या केल्या तर मनगटे आणि खांदे दुखावत नाहीत. एका पायरीवर पंधरा जोर नीट, कंबर न झोकता, दोन वेळा निघू लागले की मी खालच्या पायरीवर जाते. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे हीसुद्धा बैठकच आहे. सुरुवातीला मांड्या भरून येतात. हे दुखणे व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असते आणि आपोआप ओसरते. सांध्यात कळ येणे किंवा छातीत दडपल्यासारखे होणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे थांबून डॉक्टरांकडेच जावे.

आता सोबतीविषयी. घरातल्या बाईचा व्यायाम हे केव्हाही थांबवता येण्याजोगे काम आहे, अशी आपल्या घरांची पक्की समजूत असते. नवरा सूर्यनमस्कार घालत असेल तर त्याला कोणी ‘मीठ कुठे आहे’ असे विचारत नाही. बाईला विचारतात आणि तीही मध्येच उठून डबा काढून देते. हे बदलायला घरात एकदा स्पष्टपणे बोलावे लागते. मी बोलले. पिंप भरेपर्यंत मला हाक मारायची नाही, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हा नियम सर्वांत काटेकोरपणे आमच्या सासूबाई पाळतात. त्या सत्तरीच्या पुढे आहेत. पहिले काही महिने त्या स्टुलावर बसून नुसत्या बघत असत. मग एक दिवस उठून ओटा धरून टाचा उचलू लागल्या. आता एका पायावर तोल सांभाळणे आणि खुर्चीतून हात न लावता उठणे हे त्या माझ्याबरोबर करतात. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी तोल आणि बळ यांचा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावा असे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये म्हटले आहे, कारण त्याने पडण्याचा धोका कमी होतो. परवा ऑडिटच्या गडबडीत मी नळी बंद करून तशीच आवराआवरीला लागले, तर त्या म्हणाल्या, “अगं, पिंप भरलं, पण तुझ्या बैठका राहिल्यात की!” अशी सोबत घरात मिळाली की शिकवणाऱ्याची उणीव बरीचशी भरून निघते.

ज्या घटनेला व्यायाम बांधला तीच घडली नाही तर काय, हा प्रश्न मुंबईत दर उन्हाळ्याच्या शेवटी येऊ शकतो. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा उतरला की पाणीकपात लागते. कधी दाब इतका कमी असतो की नळाखालून हलता येत नाही, कधी जलवाहिनीच्या कामासाठी दिवसभर पाणी बंद. अशा दिवसांसाठी दुसरी घटना आधीच नेमलेली असावी. माझी कुकरची आहे : डाळ-भाताचा कुकर गॅसवर चढला की किमान सुरू, आणि तो उतरेपर्यंत होईल तेवढे. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते, लादीवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हाही ओट्यावरचे जोर होतात. चटई नाही अंथरता आली तर सूर्यनमस्कार तेवढे राहतात. मोठ्या आजारपणानंतर मात्र जिथे सोडले तिथून सुरुवात करू नये. दम दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतो, बळ त्या मानाने हळू उतरते. म्हणून मी एक पायरी वर, म्हणजे लादीवरून स्टुलावर किंवा स्टुलावरून ओट्यावर येऊन आठवडाभर थांबते आणि मग पुन्हा खाली जाते.

फरक कधी दिसतो, असे पुष्कळ जणी विचारतात. पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढते ते बहुतांशी मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागते म्हणून. स्नायू स्वतः भरायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि आरशात तर त्याहून उशिरा दिसतो. म्हणून आरसा आणि वजनकाटा या दोन्ही गोष्टी पहिले तीन महिने बाजूला ठेवाव्यात. भरलेली कळशी एका हाताने ओट्यावर चढते का, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर न थांबता जाता येते का, गर्दीत गाडीचा धक्का बसला तर पाय जागेवर राहतात का, हे पाहावे. ही मापे लवकर उत्तर देतात.

तुमच्या घरी चोवीस तास पाणी असेल तर तुमची घटना दुसरी असेल. डोंबिवलीची माझी एक मैत्रीण मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून वर आली की चप्पल काढण्याआधी आणखी दोनदा चार मजले चढते-उतरते आणि मग दाराशीच बैठका काढते. आमच्या ग्रुपमधली एक जण संध्याकाळी सासऱ्यांच्या बातम्या सुरू झाल्या की त्यांच्या मागे चटई अंथरते. घटना निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : ती रोज घडते का, ती आपल्या इच्छेवर अवलंबून नाही ना, आणि ती घडल्यावर पुढची दहा मिनिटे आपण त्याच खोलीत असतो का. या तिन्हींचे उत्तर मनासारखे येईल ती घटना धरून उद्या दहाच बैठकांपासून सुरुवात करा, आणि खाडा पडला तर तो कालनिर्णयावर मांडा.